नवलबंदरचा मधला भाग

आचरा,
१२ ऑक्टोबर २००३

चि. सिद्धेश,
अनेक आशीर्वाद.

माझ्या कादंबरीवरचा तुझा 'नवलबंदर' सिनेमा मालवणला जाऊन पाहिला. माझ्या पुढच्या रांगेत शाळेतली पोरं बसली होती. तारिणी पाण्याखालच्या बंदरात उतरते तेव्हा त्यांनी श्वास रोखून धरला, आणि खरं सांगायचं तर मीही धरला. मी लिहिलेलंच मला पुढे काय होणार याची धाकधूक लावत होतं. तारिणीचं काम करणारी मुलगी गोड आहे, पण ती 'बाण'ला 'बान' म्हणते. कट्टा गावच्या शाळेत माझ्या वर्गात तू असं म्हणाला असतास तर बाकावर उभा केला असता.

दुसऱ्या भागाला परवानगी मागतोस. देते. पण अट आहे, आणि ती एकच आहे.

पहिल्या भागात दर्याधर नाही. तिसऱ्या भागात तो मरतो. म्हणजे तुझा मधला भाग खरा त्याचाच. तो कसा दिसतो ते मी कादंबरीत फारसं लिहिलेलं नाही, ते आता लिहून पाठवते. बोलण्याआधी तो उजव्या कानाची पाळी ओढतो. डावा खांदा पुढे टाकून चालतो, जणू सगळीकडे अरुंद दारंच आहेत. हसतो तेव्हा आवाज येत नाही, नुसतं पोट हलतं. कुणाला हाक मारताना नावाचं शेवटचं अक्षर लांबवतो. पानाची पिंक टाकण्याआधी समोरच्याच्या पायांकडे बघतो.

चेहरा तुला हवा तो घे. यातलं मात्र एकही वगळायचं नाही.

तुझी,
जानकीबाई

*

मुंबई,
३ नोव्हेंबर २००३

आदरणीय बाई,
सा. न.

पत्र वाचून उडालोच. लेखकाने दिग्दर्शकाला एवढं तयार पात्र दिल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आमच्या नटाला वाचून दाखवलं. तो तेव्हापासून ऑफिसात कान ओढत फिरतो आहे.

बाई, मधल्या भागाची भीती वाटते. पहिल्याला सुरुवात असते, तिसऱ्याला शेवट असतो. मधल्याला दोन्ही नाही. लोक तिकीट काढून येणार आणि आपण त्यांना अर्ध्या वाटेवर सोडून देणार. त्यामुळे शेवटचा प्रसंग असा हवा की माणूस वर्षभर तो डोक्यात घेऊन फिरला पाहिजे. तो प्रसंग तुमच्या पुस्तकात आहेच. वादळात तारिणीच्या भावाच्या, निळूच्या होडीचं शीड फाटतं. दर्याधर मित्र म्हणून ती आपल्या होडीला बांधून ओढत आणतो, आणि खाडीच्या तोंडाशी आल्यावर दोर कापतो. तारिणी किनाऱ्यावर भावाची वाट बघत उभी. तिथेच अंधार करायचा.

पण तो दोर का कापतो हे पुस्तकात नाही. नट रोज विचारतो. राज्याच्या लोभाने? की तारिणीवर त्याचं प्रेम असतं? निर्मात्यांना प्रेम आवडेल.

आणि एक खोडसाळ प्रश्न. हा कान ओढणारा माणूस म्हणजे आपल्या शाळेचे जुने हेडमास्तर तर नव्हेत? त्यांचं तुमच्याशी कधी पटलं नाही, म्हणून विचारतो!

आपला विद्यार्थी,
सिद्धेश

*

आचरा,
१ डिसेंबर २००३

चि. सिद्धेश,

हेडमास्तर बापडे देवमाणूस होते. त्यांना यात ओढू नकोस.

तू 'का' विचारलंस म्हणून सांगते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

माझा थोरला भाऊ शिवा. बासष्ट साली, नारळी पौर्णिमा होऊन गेल्यावर, तो आणि त्याचा जिवाभावाचा मित्र आपापल्या होड्या घेऊन बाहेर गेले होते. मित्राचं नाव दाजी. आज तो दाजी तांडेल आहे, त्याच्या दोन ट्रॉलर आहेत, देवळात पहिला मान त्याचा. त्या दिवशी वारा फिरला. शिवाचं शीड फाटलं. दाजीने त्याची होडी आपल्या होडीला बांधली. संध्याकाळी दाजी एकटाच आला. रडत आला. "दोर तुटलो," म्हणाला. "मियां काय करू, दोरच तुटलो."

दुसऱ्या दिवशी शिवा वाळूत लागला. होडीही लागली, आणि तिच्या नाळीला, पुढच्या टोकाला, दोर तसाच बांधलेला होता. मी त्याचं टोक हातात घेतलं. तुटलेल्या दोराचे धागे पिंजलेले असतात, म्हातारीच्या केसांसारखे. हे टोक सपाट होतं, नारळाची शेंडी उडवावी तसं.

मी बाबांना दाखवलं. बाबांनी त्या टोकावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "चेडवा, तोंड मीट. आमका हयसरच जगूचा आसा." त्यांनी तो दोर न्हाणीघरातल्या चुलीत घातला. पुढे बाबांची होडी राहिली नाही, तेव्हा ते दाजीच्याच होडीवर खलाशी म्हणून गेले. त्या कमाईवर मी शिकले, मास्तरीण झाले. हे मी एक दिवसही विसरलेले नाही, आणि दाजीही मला विसरू देत नाही. रस्त्यात भेटला की म्हणतो, "जानकीऽ, बापाशीन तुका बरी शिकवल्यान हां."

का कापला? दाजीची होडी बांगड्याने भरलेली होती. मागचं ओझं ओढत ती खाडीत शिरेना. एक तर मासे समुद्रात टाकायचे, नाहीतर दोर सोडायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी, शिवा अजून अंगणात असताना, दाजीचा बांगडा बाजारात विकला जात होता. मी हे शपथेवर सांगू शकत नाही, कारण मी होडीत नव्हते. पण मला ठाऊक आहे.

आणि आता ऐक. दर नारळी पौर्णिमेला दाजी समुद्राला दोन नारळ देतो. एक आपल्या होडीचा, एक शिवाच्या नावाने, रडत. गाव म्हणतं, मैतर असावा तर असा.

मी कादंबरी लिहिली ती ह्याच्यासाठी. पण आचऱ्यात कादंबरी कोण वाचतो? दाजीला तर अक्षर येत नाही. सिनेमा मात्र सगळे बघतात. मला त्या माणसाला भर गावात पडद्यावर उभा करायचा आहे. लोकांनी त्याची चाल ओळखावी, कान ओढणं ओळखावं, आणि मग तो दोर कापताना बघावा. चाळीस वर्षं मी ह्याची वाट बघते आहे.

प्रेमबीम काही घालू नकोस. बांगडा घाल.

जानकीबाई

*

विजयदुर्ग,
१९ मार्च २००४

आदरणीय बाई,

तुमचं पत्र मी कुणाला दाखवलं नाही. त्यानंतर मला झोप नीट लागत नाही, हे मात्र कळवतो. आपण एका जिवंत माणसाला पडद्यावर मारायला निघालो आहोत असं वाटतं. पण तुम्हाला शब्द दिला आहे. कान, खांदा, बिनआवाजाचं हसू, सगळं तसंच घेतलं आहे.

दोराचा प्रसंग काल किल्ल्याच्या खालच्या अंगाला घेतला. इथे तुमची माफी मागून सांगायचं ते असं. दोर ताणलेला ठेवला तर मागच्या होडीतल्या पोराच्या जिवाला धोका, म्हणून साहसदृश्यं बसवणाऱ्या मास्तरांनी तो सैल ठेवायला लावला. आणि निर्मात्यांच्या हट्टामुळे कोयत्याऐवजी तलवार आली. सोन्याच्या मुठीची. दर्याधर होडीच्या टोकावर उभा राहतो, विजा चमकतात, तो आकाशाकडे बघत चार ओळी बोलतो आणि तलवार फिरवतो. बांगडा ठेवला होता हो, टोपल्या भरून. पण पडद्यावर तो हिऱ्यांसारखा चमकतो म्हणून त्याचे हिरेच करायचं ठरलं.

काम बघायला जमलेले इथले मच्छीमार हसत होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

नट फारच चांगला आहे, बाई. हीच मला आता काळजी वाटते.

आपला,
सिद्धेश

*

आचरा,
२ एप्रिल २००४

सिद्धेश,

हिरे?

माझा भाऊ हिऱ्यांसाठी मेला असता तर मीही त्याला मोठी गोष्ट म्हटलं असतं. तो टोपलीभर माशांसाठी मेला. हे समजायला तुला कट्ट्याहून मुंबईला जायची गरज नव्हती.

मला आता पत्र पाठवू नकोस.

जानकी

*

मुंबई,
११ जानेवारी २००५

आदरणीय बाई,

पाठवू नकोस म्हणालात तरी पाठवतो आहे.

सिनेमा लागून तीन आठवडे झाले. पहिल्यापेक्षा जास्त चालला आहे. आणि मला ज्याची भीती होती तेच झालं. पोरांना दर्याधर आवडला. शाळाशाळांतून पोरं कान ओढत, डावा खांदा पुढे टाकून चालतायत. दोर कापतो तेव्हा थिएटरात शिट्ट्या पडतात. निर्माते म्हणतात, तिसऱ्या भागात त्याला मारायचा नाही, त्याला सुधारायचा. तारिणीला त्यानेच वाचवायचं.

परवा ऑफिसात दाजी तांडेलांचा फोन आला. त्यांच्या नातीने, सलोनीने, मालवणला सिनेमा पाहिला आणि घरी जाऊन सांगितलं, आजोबा, पडद्यावर तुम्हीच आहात. त्यांनी स्वतः अजून पाहिलेला नाही. इतके खूश होते! म्हणाले, "तुमचो दर्याधर म्हणजे मियांच. जानकी आमच्या घरातली, तिणाच माका बघून लिवल्यान." गावच्या मंडळातर्फे देवळासमोर पडदा लावून सिनेमा दाखवायचा आणि त्यांचा सत्कार करायचा असं ठरतंय. माझ्याकडे प्रिंट मागतात.

आपला डाव उलटला, बाई. तुम्ही ज्याला फासावर चढवायला निघालात त्याला आम्ही मखरात बसवलं. प्रिंट देऊ नये असंच वाटतं. तुमच्या शब्दाची वाट बघतो.

सिद्धेश

*

(पोस्टकार्ड)

आचरा,
१७ जानेवारी २००५

प्रिंट पाठव. पहिल्या रांगेत दाजीची खुर्ची ठेवा म्हणून मंडळाला मीच सांगितलं आहे. माझी त्याच्या बाजूला.

जानकीबाई

*

आचरा,
९ फेब्रुवारी २००५

चि. सिद्धेश,
अनेक आशीर्वाद.

सविस्तर लिहिते. तू यायला हवा होतास.

सिनेमा २९ जानेवारीला, शनिवारी संध्याकाळी झाला. अख्खा गाव देवळासमोर. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. दाजी पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत आला, केसांना तेल लावून. मला म्हणाला, "जानकीऽ, माझो सिनेमा." मला एवढंच हवं होतं की पडद्यावर दोर कापला जाईल तेव्हा त्याचं तोंड मला दिसावं. बाकी काही उरलं नाही तरी तेवढं मी घेणार होते.

दर्याधर पडद्यावर आला तसा गाव हसायला लागला. "दाजी! दाजी!" अशा हाका. दाजीचं पोट हलत होतं. मग वादळ आलं. तुझा तो नट होडीच्या टोकावर उभा राहून तलवार फिरवायला लागला. मी पडद्याकडे पाठ करून दाजीकडे बघत बसले.

त्याने डोळे मिटले नाहीत. मान खाली घातली नाही. तोंड वाकडं केलं आणि "च्च" म्हणाला. सुताराने दुसऱ्या सुताराचं चुकलेलं काम बघून म्हणावं तसं.

तो 'च्च' ऐकून वाटलं, संपलं. ह्या माणसाला काही लागतच नाही.

सिनेमा संपल्यावर सत्कार. शाल, श्रीफळ. मंडळाच्या पोरांनी माईक त्याच्या हातात दिला. त्याने कान ओढला, सगळे हसले. तो बोलला ते शब्दशः लिहिते.

"पोरांनू, सिनेमा बरो आसा. माझी चाल बरोबर उचलल्यानी. पण एक गोष्ट चुकली. दोर असो कापतत? सैल पडलेलो दोर तलवारीन कापूचो नाय, नुसतो उडतलो. मागची होडी लाटेर चढाक व्हयी. चढली काय दोर ताठ जाता, तारेसारको वाजता. तेव्हा काठार धरून कोयत्यान एकच घाव. आणि मगे पुढे बघूचा, मागे बघूचा नाय. माका इचारल्यानी आसता तर मियां दाखवलंय आसतंय."

पुरुषांकडे टाळ्या पडल्या. पोरं शिट्ट्या मारत होती. आणि त्या गोंधळात बायकांच्या बाजूने राधाबाई उभी राहिली. दाजीची बायको. आयुष्यात ती चारचौघांत बोललेली मी ऐकलेली नाही.

"तुम्ही कोणाचो दोर कापलात?" तिने विचारलं.

दाजी हसला. "अगो, ता सिनेम्यातला सांगतंय."

"सिनेम्यात कोयतो नाय. तुम्ही कोयतो म्हणालात."

टाळ्या बंद झाल्या. गणपतकाका, ज्यांनी तरुणपणी शिवाची होडी वाळूतून ओढून वर घेतली होती, ते काठी टेकत पुढे आले. "दाजी," ते म्हणाले, "दोर तुटलो म्हणान तूच सांगितलंस मा?"

दाजीचा हात कानाकडे गेला आणि तिथेच राहिला. माईक चालूच होता. त्याचा श्वास सगळ्या गावाला ऐकू येत होता. तो नाही म्हणू शकला असता, सिद्धेश. 'म्हातारो झालंय, काय बोलान गेलंय' म्हणाला असता तर लोकांनी मानलंही असतं. पण तो गणपतकाकांकडे बघत राहिला, आणि त्याच्या तोंडून निघालं, "होडी भरलेली होती रे. बांगडो होतो. सगळो बांगडो."

राधाबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला, नातीचा हात धरला आणि चालू लागली. घरी गेली नाही. विजयदुर्गला लेकीकडे गेली ती अजून तिकडेच आहे. मग एकेक जण उठला. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात उचलला नाही. खुर्च्या रिकाम्या झाल्या आणि शाल पांघरलेला दाजी पडद्यासमोर एकटा उरला. म्हणजे मी होते. मी बसूनच राहिले. पोटभर बघून घेतलं.

सोमवारी त्याच्या ट्रॉलरवर एकही खलाशी चढला नाही. आजवर चढलेला नाही.

तुझी तलवार चुकीची होती म्हणून हे झालं. तू मला शहाणा वाटत नव्हतास, अजूनही वाटत नाहीस. पण तुला आशीर्वाद.

मला बरं वाटलं का? वाटलं. खोटं कशाला लिहू?

जानकीबाई

*

मुंबई,
२७ मार्च २००५

आदरणीय बाई,

पत्र कितीदा वाचलं त्याची गणती नाही. परवा कट्ट्याला घरी जाऊन आलो. तिथल्या बाजारातही हाच विषय. ट्रॉलर विकायला काढल्यात, पण कुणी विचारत नाही. म्हातारा सकाळपासून आचऱ्याच्या बंदरावर येऊन बसतो म्हणे. मासे उतरवणारे त्याला वळसा घालून जातात. चहावाला ग्लास समोर ठेवतो, बोलत नाही. आमची आई म्हणाली, "मेलो काय खाता कोण जाणा, पण पाणी सुद्दा हातात देणा नाय कोण."

तिसऱ्या भागाचं लिखाण सुरू आहे. दर्याधराला सुधारायचं मी निर्मात्यांना साफ नाही म्हणून सांगितलं. ते चिडलेत. मग पुस्तकातला शेवट उरतो. समुद्र उघडतो आणि त्याला गिळतो. तसंच करू ना?

आणि एक विचारतो, रागावू नका. तुम्हीच मला शिकवलंत म्हणून विचारायची हिंमत होते. बाई, आता पुरे झालं का?

आपला,
सिद्धेश

*

आचरा,
८ एप्रिल २००५

चि. सिद्धेश,

पुरे झालं का, असं विचारतोस. मीही स्वतःला विचारत होते. काल उत्तर लिहिलं असतं तर कदाचित हो म्हटलं असतं. आता रात्री शिवा डोळ्यांसमोर येत नाही. पूर्वी रोज यायचा.

पण आज दुपारी दाजी आला. कुंपणाच्या फाटकाशी, बेड्याबाहेर उभा राहिला, अंगणात आला नाही. खूप वाळला आहे. खांदा पुढे टाकून चालणं गेलं, आता नुसता वाकून चालतो. मी ओटीवर चिंचा सोलत होते. उठले नाही.

"जानकी," तो म्हणाला. नाव लांबवलं नाही. "एक इचारूचा होता. तिसरो भाग येतलो मा?"

"येतलो."

"तेच्यात माझा काय करतलंस?"

"पुस्तकात आसा ता."

"माका वाचूक येणा नाय. तू सांग."

मी सांगितलं. समुद्र उघडतो. दर्याधर हात वर करतो, कुणी येत नाही. समुद्र त्याला गिळतो आणि पुन्हा सपाट होतो.

सिद्धेश, त्याच्या तोंडावर मी काय पाहिलं सांगू? त्याला हायसं वाटलं. तापात पडलेल्या माणसाच्या कपाळावर ओलं फडकं ठेवावं तसं.

"बरा," तो म्हणाला. "तसाच कर. लवकर करूक सांग तेका. देवळासमोर दाखवा. सगळ्यांका बघू दे माका बुडताना." मग म्हणाला, "बघल्यार लोकांचा मन भरतला. मगे सोडतले माका. राधा पण येयत घरा."

म्हणजे हा हिशेब होता. पडद्यावर एकदा मरायचं आणि खाली मोकळं व्हायचं. शिवा वाळूत पडला होता तसा ह्याने सिनेमातल्या कापसाच्या लाटेत पडायचं, गावाने डोळे पुसायचे, आणि दुसऱ्या दिवशी खलाशी कामावर. मी लिहिलेला शेवट त्याच्या कामी येणार होता.

मी चिंचा खाली ठेवल्या.

"नाय दाजी," मी म्हटलं. "मियां बदलतंय ता. दर्याधर मरूचो नाय."

"म्हणजे सुधारतलो?"

"सुधारूचो पण नाय. जगतलो."

तेव्हा तुला लिहिते, ही माझी परवानगी आणि हीच अट. त्याला मारू नकोस. त्याला रडवू नकोस, माफी मागायला लावू नकोस, तारिणीला त्याच्याकडे वळूनही बघू देऊ नकोस. त्याला म्हातारा होऊ दे. भर बंदरात राहू दे, जिथे सगळे त्याला ओळखतात. निर्मात्यांना सांग, तुमचा आवडता माणूस जिवंत ठेवला आहे, आनंद माना.

एवढं बोलून मी आत आले आणि कागद घेऊन बसले. खिडकीतून बेडं दिसतं. ऊन उतरलं, गुरं परत आली.

तो अजून उभा आहे.

तुझी,
जानकीबाई